एका डावात निम्मी लाइफ: फायटिंग गेममधल्या जोखमीच्या शैलीची पार्श्वभूमी

दोन गडी समोरासमोर भिडवणाऱ्या 'स्ट्रीट फायटर ६' या व्हिडिओ गेममध्ये बहुतेक पात्रांची लाइफ, म्हणजे मार सोसायची ताकद, १०,००० असते. झांगिफसारख्या धिप्पाड गड्याची ११,०००, तर अकुमाची ९,०००. अकुमा या गेममध्ये २२ मे २०२४ रोजी आला आणि लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर इकडची जी पोरं तेव्हापासून त्याला घेऊन बसतात, त्यांना मित्रांकडून एकच ऐकावं लागतं: तू खेळत नाहीस, जुगार लावतोस. दोन-तीन चुका झाल्या की तो मरतो आणि हात लागला की समोरच्याला निम्मा करून सोडतो, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे. पण ते खरं नाही. मार कमी सोसणारा आणि एका झटक्यात मोठं नुकसान करणारा गडी, हा प्रकार गेम बनवणाऱ्यांनी तीसहून जास्त वर्षं तोलूनमापून घडवत आणलाय. त्यातल्या प्रत्येक जोखमीची किंमत ठरलेली असते. ती किंमत पाठ असणं, हेच या शैलीतलं खरं कसब.

सुरुवात १९९१च्या 'स्ट्रीट फायटर २'पासून करावी लागते. कॅपकॉमच्या या गेममध्ये कॉम्बो म्हणजे एकामागोमाग न सुटणारे फटके, ही गोष्ट मुळात ठरवून आलेली नव्हती. गाडी फोडायच्या बोनस स्टेजवर काम करताना निर्माते नोरिताका फुनामिझू यांच्या लक्षात आलं, की वेळ अचूक साधली तर एका ठोशात दुसरा ठोसा जोडता येतो. ते त्यांनी काढून न टाकता लपलेली गंमत म्हणून राहू दिलं. त्या एका निर्णयाने नुकसानाचं गणितच बदललं. तोवर फटक्यामागे फटका अशी लाइफ झिजायची. आता एक उडी बरोबर पडली तर तीन-चार फटक्यांचा हिशोब एकदम व्हायचा, वर समोरचा चक्कर येऊन डोलायला लागला तर तोच हिशोब पुन्हा. पण उडी मारताना माणूस हवेत असतो आणि हवेत अडवता येत नाही. समोरच्याने शोर्युकेन, म्हणजे वर उसळून मारायचा ठोसा, लावला तर सगळं उलटं. मोठा फायदा हवा असेल तर आधी स्वतःला उघडं पाडावं लागतं, हा नियम तिथेच पक्का झाला.

आपल्याकडे हा खेळ पोचला तो बसस्टँडजवळच्या, थिएटरच्या बाजूच्या व्हिडिओ गेमच्या दुकानांतून. रुपया-दोन रुपयांचं टोकन, लाकडी पेटीत बसवलेला टीव्ही, सैल झालेली दांडी आणि मागे उभी राहून सल्ले देणारी गर्दी. मशीनमधले बोर्ड अस्सल असतीलच असं नव्हतं. 'स्ट्रीट फायटर २'च्या रेनबो एडिशन नावाच्या नकली आवृत्त्या जगभर फिरल्या. त्यांत हवेतून हदूकेन, म्हणजे हातातून सुटणारा ऊर्जेचा गोळा, सुटायचा, शत्रूचा पाठलाग करायचा, खेळता खेळता पात्रच बदलायचं. अशा मशीनवर शिकलेल्याला तोल वगैरे कुणी शिकवला नाही, पण टोकनच्या अर्थशास्त्राने एक गोष्ट नक्की शिकवली. जिंकला तो बसून राहतो, हरला तो उठतो आणि पुन्हा टोकन घेतो. त्यात लोडशेडिंग. मॅच अर्ध्यावर असताना लाइट गेली की टोकन पाण्यात. दुकानात इन्व्हर्टर असलाच तर तो पंख्याला आणि गल्ल्यावरच्या बल्बला. मला वाटतं, झटपट निकाल लावणाऱ्या खेळाची आवड आपल्याकडे रुजली त्यामागे या परिस्थितीचाही हात आहे. शंभर सेकंद बचाव करून टाइमवर जिंकणाऱ्याला गर्दीने कधी डोक्यावर घेतलं नाही.

तिकडे जपानमध्ये ओसाकाची एसएनके कंपनी याच प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने बघत होती. १९९२च्या 'फेटल फ्युरी २'मध्ये लाइफ धोक्याच्या रेषेखाली जाऊन चमकू लागली, की एक डेस्परेशन मूव्ह खुली व्हायची. मरायला टेकलेल्या माणसाच्या हातातच सगळ्यात जड हत्यार. त्याच वर्षीच्या 'आर्ट ऑफ फायटिंग'ने खास चालींसाठी खर्च होणारी वेगळी पट्टी आणली. १९९३मध्ये 'सामुराय शोडाऊन' आला आणि त्याने कॉम्बोच बाजूला सारले. तलवारीचा एकच जड वार लाइफचा मोठा तुकडा तोडायचा आणि मार खाल्ला की रागाची पट्टी भरत जाऊन पुढचा वार आणखी जड व्हायचा. तोच वार हुकला तर तलवार परत येईपर्यंत तुम्ही समोरच्याच्या ताब्यात. या गेममध्ये चांगले खेळाडू मिनिटभर नुसते मागेपुढे सरकताना दिसतात. बघणाऱ्याला ते काहीच करत नाहीत असं वाटतं. खरं तर दोघंही समोरच्याचा एक वार हुकायची वाट बघत असतात. आज आपण ज्याला व्हिफ पनिश, म्हणजे हुकलेल्या वाराची शिक्षा, म्हणतो, ते इतकं उघड्यावर त्याआधी कुठल्या गेमने दाखवलं असेल असं मला वाटत नाही.

माळेगावच्या यात्रेतली कुस्ती ज्यांनी पाहिलीय त्यांना हे वेगळं सांगायला नको. निकाली कुस्तीत गुण कुणी मोजत नाही, पाठ टेकली की संपलं. धोबीपछाड मारायचा तर आधी समोरच्याकडे पाठ करावी लागते आणि पकड सुटली तर तीच पाठ त्याला आयती मिळते. म्हणून जाणता पैलवान तो डाव समोरच्याचा तोल पुढे आलेला असतानाच टाकतो.

अकुमाचा जन्म १९९४च्या 'सुपर स्ट्रीट फायटर २ टर्बो'मधला. पट्टी भरल्यावर सुटणारी मोठी चाल, म्हणजे सुपर कॉम्बोही याच गेमपासून. लपलेला बॉस म्हणून आलेला अकुमा हवेतून हदूकेन सोडायचा, त्याला चक्कर येत नसे. तो इतका भारी पडला की स्पर्धांमध्ये त्याच्यावर बंदी आली. पुढच्या गेममध्ये कॅपकॉमने त्याचं बळ फारसं काढून घेतलं नाही, शरीर मात्र नाजूक केलं. 'स्ट्रीट फायटर ३'च्या 'थर्ड स्ट्राइक' आवृत्तीत लाइफच्या बाबतीत तो सगळ्यांच्या तळाला आहे. २००८च्या 'स्ट्रीट फायटर ४'मध्ये मुख्य पात्र रयू १,०००चा, तर अकुमा ८५०चा. लाइफ कमी, हत्यारं सगळी, हा करार तेव्हापासून आजवर टिकून आहे. इतरांनीही तो उचलला. 'गिल्टी गिअर'च्या १९९८च्या पहिल्या भागात तर एक इन्स्टंट किल, म्हणजे एका फटक्यात जीव घेणारा डाव, लागला की राउंडच नव्हे, अख्खी मॅच संपायची. हे टोक फार काळ चालणारं नव्हतं आणि पुढच्या भागांत ते आवरलं गेलं.

मराठवाड्यातल्या माझ्या पिढीचं खरं शिक्षण मात्र 'टेकन ३'वर झालं. १९९७ला आर्केडमध्ये आणि १९९८ला प्लेस्टेशनवर आलेला हा गेम आपल्याकडे आधी ताशी भाड्याच्या प्लेस्टेशनवर, मग सायबर कॅफेत आणि घरच्या कॉम्प्युटरवर इम्युलेटरमध्ये पसरला. कीबोर्ड एकच, त्यावर डावीकडे एक जण, उजवीकडे दुसरा, कोपराला कोपर लागलेला. नवशिका एडी हे पात्र घ्यायचा आणि बटणं बडवायचा. ज्याला खेळ कळू लागला तो पॉलकडे वळायचा. पॉलचा तो एक ठोसा आठवा: दांडी खालून पुढे फिरवायची आणि उजव्या हाताचं बटण. समोरचा स्वतः हात उगारत असताना तो बसला की लाइफची पट्टी डोळ्यांदेखत कोसळायची. अडवला गेला तर पॉल हात पुढे ताणून क्षणभर तसाच उभा राहायचा आणि शहाणा खेळाडू तेवढ्यात त्याला हवेत उडवायचा. गल्लीतल्या गल्लीत खेळणाऱ्या कुणी फ्रेम, म्हणजे सेकंदाचा साठावा भाग, हा शब्द ऐकला नव्हता, पण तो ठोसा कधी मारायचा आणि कधी दाबून ठेवायचा हे चार गल्ल्यांना माहीत असलेली पोरं होती. सेकंदाचे साठ भाग करून विचार करायला ती नकळत शिकली होती.

अशा भाड्याच्या दुकानांतून जागतिक खेळाडू घडू शकतो याचा पुरावा शेजारी देशातून आला. लाहोरच्या आर्केडमध्ये वाढलेल्या अर्सलान ॲशने २०१९मध्ये आधी ईव्हो जपान आणि मग अमेरिकेतली ईव्हो, अशा फायटिंग गेमच्या दोन्ही मोठ्या स्पर्धा 'टेकन ७'मध्ये जिंकल्या. तोवर जपान आणि कोरियाकडे नजर लावून बसलेल्या जगाला लाहोरकडे बघावं लागलं.

टेकनमध्ये हरत्या बाजूला बळ द्यायची पद्धत २००७च्या 'टेकन ६'ने रेज या नावाने आणली. लाइफ तळाला गेली की गडी तांबडा चमकतो आणि त्याचे फटके जड होतात. 'टेकन ७'ने त्यावर रेज आर्ट, म्हणजे त्याच अवस्थेत सुटणारा जड डाव, चढवला. एसएनकेची १९९२ची कल्पना अशी घरोघरी पोचली. 'स्ट्रीट फायटर ६'मध्येही लाइफ २५ टक्क्यांवर आली की तिसऱ्या पातळीचा सुपर जास्त जोराने लागतो.

जोखमीची शैली नशिबावर चालत नाही हे ज्याला पटत नसेल त्याने २०१७ची ईव्हो पाहावी. 'स्ट्रीट फायटर ५'च्या अंतिम सामन्यात जपानच्या टोकिडोने अकुमा घेऊन अमेरिकेच्या पंकला हरवलं. टोकिडो टोकियो विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकलेला माणूस. नाजूक शरीराचं पात्र घेऊन, पराभूतांच्या गटातून वर येत, त्या वर्षी सगळ्यात धारदार समजल्या जाणाऱ्या खेळाडूला त्याने नमवलं.

आता आजच्या गेममध्ये ही किंमत नेमकी कशी मोजली जाते ते बघू. 'स्ट्रीट फायटर ६'मध्ये लाइफखाली ड्राइव्ह नावाच्या, चालींसाठी खर्च करायच्या पट्टीचे सहा खण असतात. समजा समोरच्याने घाबरून शोर्युकेन मारला आणि तुम्ही तो अडवला. तो खाली येतोय, काहीच करू शकत नाही. इथे लागलेला पहिला फटका पनिश काउंटर ठरतो आणि त्याचं नुकसान २० टक्क्यांनी वाढतं. तो फटका मध्येच तोडून ड्राइव्ह रश, म्हणजे झपकन पुढे झेप, घेतली की तीन खण गेले. पुढे ओव्हरड्राइव्ह, म्हणजे खास चालीची जोरदार आवृत्ती, जोडली की आणखी दोन. शेवटी सुपर. समोरचा मेला तर प्रश्नच मिटला, पुढच्या राउंडला सगळे खण नव्याने भरलेले मिळतात. तो थोड्या लाइफवर वाचला आणि तुम्ही उरलेला एक खणही उधळला, तर तुम्ही बर्नआउटमध्ये जाता. मग पट्टी पूर्ण भरेपर्यंत ड्राइव्हची एकही चाल नाही, साध्या अडवलेल्या खास चालींनीही लाइफ झिजते, प्रत्येक फटका अडवल्यावर चार फ्रेम जास्त अडकून राहावं लागतं आणि भिंतीपाशी ड्राइव्ह इम्पॅक्ट हा जड फटका अडवला तरी चक्कर येते. ९,००० लाइफच्या अकुमाला ही अवस्था बहुतेक वेळा परवडत नाही. म्हणून या शैलीतला मुरलेला खेळाडू कॉम्बो सुरू व्हायच्या आधी समोरच्याची लाइफ वाचतो. एवढ्यात मरतोय का? मरत असेल तर सगळं ओतायचं. नसेल तर लहान कॉम्बोवर थांबून त्याला पाडायचं आणि उठताना फेकायचं की मारायचं या पेचात धरायचं.

यात इंटरनेटचा मोठा अडसर होता. फटका लागला की अडवला गेला हे बघून मगच खण खर्च करणं, म्हणजे हिट कन्फर्म, यासाठी हातात अगदी थोडा वेळ असतो. त्यात लाइन अडखळली की बघून ठरवणं अशक्य होतं आणि खेळाडू अंदाजाने सगळं उधळतो. मराठवाड्यातल्या मुलांवर जुगाराचा शिक्का बसला त्याचं हे एक खरं कारण आहे, ती वर्षानुवर्षं अडखळत्या लाइनवर खेळली. टोनी कॅननने २००६मध्ये जीजीपीओ ही रोलबॅक पद्धत आणली. यात गेम समोरच्याच्या बटणांचा अंदाज बांधून पुढे चालत राहतो आणि अंदाज चुकला तर मागे जाऊन दुरुस्त करतो. मोठ्या कंपन्यांनी ती नीट अंगीकारायला फार वर्षं घेतली. २०२१च्या 'गिल्टी गिअर स्ट्राइव्ह' आणि २०२३च्या 'स्ट्रीट फायटर ६'मध्ये ती चांगली चालते, तोवर आपल्या शहरांत फायबरही आलं होतं. क्लासेससाठी लातुरात खोली घेऊन राहणारं पोरगं आता मुंबई-दिल्लीच्या खेळाडूशी बऱ्यापैकी सलग मॅच खेळू शकतं.

सरकारी पातळीवरही चित्र हललंय. केंद्राने डिसेंबर २०२२मध्ये ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली, २०२३मध्ये हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत 'स्ट्रीट फायटर ५'साठी मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास भारताकडून उतरले. ऑगस्ट २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्स त्यापासून वेगळे काढले. घरच्यांशी बोलताना हा फरक फार उपयोगी पडतो.

ज्यांना ही शैली शिकायचीय त्यांच्यासाठी गेममधला ट्रेनिंग मोड पुरेसा आहे. डमीला कधी अडवायला, कधी न अडवायला लावायचं, दोन हलके फटके मारायचे आणि लागले तरच पुढचं सोडायचं. अडवले गेले तर हात आवरायचा. मोठा कॉम्बो आठवड्याभरात बोटांत बसतो. हात आवरणं बसायला कितीतरी जास्त वेळ लागतो, म्हणून रोजच्या सरावातला मोठा वाटा त्याला द्या.