वल्हांडणासाठी स्वयंपाकघरातली उपकरणं कोशेर करणं

वल्हांडण म्हणजे ज्यूंचा पेसाख सण, ज्यू पंचांगातल्या निसान महिन्याच्या 15 तारखेला सुरू होतो, इस्राएलात 7 दिवस आणि बाहेर बहुतेक ठिकाणी 8 दिवस, आणि तेवढे दिवस घरात हमेत्स चालत नाही. गहू, जव, राय, ओट नि स्पेल्ट यांतलं कुठलंही पीठ पाण्यात भिजून आंबलं की ते हमेत्स. भिजवलेलं पीठ 18 मिनिटं नुसतं पडून राहिलं तरी ते हमेत्सच धरतात. ते खायचं नाही आणि घरात ठेवायचंही नाही, मग वर्षभर ज्या ओव्हनमध्ये पाव भाजला तो कोशेर, म्हणजे धर्मनियमानुसार वापरण्याजोगा, कसा करायचा?

याचं उत्तर एकाच नियमात आहे आणि तो समजला की बाकीचं आपोआप कळत जातं: वस्तूने अन्नाचा अंश जसा शोषला तसाच ती सोडते. कोरडं आगीवर भाजलं असेल तर आगीनेच शुद्धी, त्याला लिबून म्हणतात. पाण्यात शिजवलं असेल तर उकळत्या पाण्यात बुडवायचं, ती हगाला. गरम वरून सांडलं असेल तर उकळतं पाणी वरून ओतायचं. मूळ आधार बायबलच्या गणना पुस्तकातला (31:23), आणि तपशील 16व्या शतकात योसेफ कारोंनी शुल्हान आरुख या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथात मांडले. पण आधी सगळं घासूनपुसून लख्ख हवं, आणि हगालाच्या आधी ती वस्तू 24 तास वापरायची नाही.

सेल्फ-क्लीन ओव्हन असेल तर काम सोपं, आतली उष्णता साधारण 480 अंश सेल्सियसपर्यंत जाते आणि सगळं जळून राख होतं. तशी सोय नसेल तर घासून झाल्यावर सगळ्यात जास्त तापमानावर तासभर तरी चालू ठेवायला बरेच रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, सांगतात. काचेच्या टॉपच्या शेगडीची मात्र पंचाईत होते, बर्नरची जागा लाल होईपर्यंत तापवता येते पण मधली काच तशी तापत नाही, म्हणून तिथे भांडं टेकू नये याची काळजी घेतात.

मायक्रोवेव्हमध्ये वाडगाभर पाणी ठेवून आत दाट वाफ होईपर्यंत उकळायचं, मग वाडगा दुसऱ्या जागी सरकवून परत उकळायचं, कारण पहिल्यांदा वाडग्याखालची जागा कोरडी राहिलेली असते. टोस्टरच्या वाटेला कोणी जात नाही, तो बंद करून कपाटात. मिक्सरचंही अवघडच, पीठ उडून मोटरच्या फटीत बसतं ते निघत नाही. फ्रिजमध्ये अन्न थंडच असतं म्हणून नुसती सफाई पुरते, पण दाराच्या रबराच्या घडीत पावाचा चुरा अडकतो, तो बोटाने चाचपून काढायला हवा.

डिशवॉशरवर रब्बींमध्ये अजून वाद आहेत, खासकरून आतल्या प्लॅस्टिकवरून. काचेबद्दलही एकमत नाही: सेफार्दी (मूळचे स्पेन-पोर्तुगालकडचे ज्यू) लोक धुऊन वापरतात, अश्केनाझी (मध्य नि पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या) परंपरेत काच सहसा कोशेर करत नाहीत. मातीचं भांडं उकळत्या पाण्याने कोशेर होत नाही. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल ज्यू लोकांकडे सणाआधी घराला रंग आणि तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई लावून घ्यायची पद्धत होती, आणि सणात तांदूळ त्यांना चालतो, अश्केनाझींना परंपरेने चालत नाही.

भांड्यांची हगाला उशिरात उशिरा सणाच्या आदल्या दिवशी, सकाळी हमेत्स खायची वेळ संपायच्या आत उरकतात. त्यामुळे 24 तास थांबायचं गणित आधीच करून ठेवावं लागतं.