शिवडीचा किल्ला

मुंबई बंदराच्या पूर्व किनाऱ्यावर, शिवडीच्या टेकडीवर इंग्रजांनी 1680 मध्ये बांधलेला लहान दगडी किल्ला. राज्य पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक. मुंबईच्या वारसा यादीत पहिल्या श्रेणीत समाविष्ट. रायगड किंवा जंजिरा डोळ्यांपुढे ठेवून येणाऱ्याला इथे फारसे काही नाही असे वाटते. पण ही राजधानी नव्हती आणि मोठ्या फौजेचे ठाणेही नव्हते. पाण्यावर नजर ठेवणारी ही चौकी होती आणि तिचा प्रत्येक दगड त्याच कामासाठी बसवलेला आहे.

स्थान : आजची मुंबई सात बेटांची होती तेव्हा शिवडी हे परळ बेटाच्या पूर्व कडेवरचे गाव होते. समोर बंदराचे पाणी, पलीकडे तुर्भे, आग्नेयेला घारापुरी आणि त्यामागे उरणचा किनारा असा सारा पट्टा टेकडीवरून एका नजरेत येतो. खालचा किनारा मात्र चिखलाचा. मुंबईत उधाणाच्या भरती-ओहोटीत पाण्याची पातळी साडेचार-पाच मीटरपर्यंत बदलते, त्यामुळे ओहोटीला इथे लांबपर्यंत दलदल उघडी पडते. मोठे गलबत किनाऱ्याला लागू शकत नाही. माणसे उतरवायची तर भरतीची वेळ साधून मचव्यांतूनच आणावी लागतात. म्हणजे शत्रू केव्हा आणि कोणत्या वाटेने येईल याचा अंदाज वरच्या पहारेकऱ्याला आधीच बांधता येई. जागेची निवड इथेच पटते.

इतिहास : 1661 च्या विवाह तहाने मुंबई पोर्तुगिजांकडून इंग्लंडच्या राजाला मिळाली आणि 1668 मध्ये ती वार्षिक 10 पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीकडे आली. बेटांचे रक्षण हा कंपनीपुढचा पहिला प्रश्न होता. उत्तरेचे साष्टी बेट पोर्तुगिजांकडे, कोकण किनारा मराठ्यांकडे आणि समुद्रात मोगलांच्या बाजूने लढणारे जंजिऱ्याचे सिद्दी. 1672 पासून सिद्दींच्या आरमाराचा उपद्रव वाढला. त्यावर उपाय म्हणून बेटांच्या कडेने लहान लहान ठाणी उभी राहिली. शीव, माहीम, वरळी, माझगाव आणि शिवडी ही त्या साखळीतली नावे. शिवडीला एका सुभेदाराच्या हाताखाली 50 माणसांची शिबंदी आणि 8 ते 10 तोफा असत.

एवढ्या शिबंदीकडून काय होऊ शकते आणि काय नाही, हे 1689 मध्ये दिसले. कंपनीने औरंगजेबाशी युद्ध ओढवून घेतले आणि सिद्दी याकूतखान मोठी फौज घेऊन मुंबईवर आला. तिचा आकडा 20,000 दिला जातो. त्याने पहिले पाऊल शिवडीतच टाकले. नंतर माझगाव आणि माहीम घेतले आणि खुद्द मुंबईच्या कोटाला वेढा दिला. कंपनीने बादशहाची माफी मागून दीड लाख रुपये दंड भरला, तेव्हा 1690 मध्ये सिद्दी परतला. जाताना त्याने माझगावचा किल्ला उद्ध्वस्त केला. शिवडीचा उरला. चौकीने इशारा द्यायचा आणि मागच्या कोटातून कुमक यायची, अशी ही व्यवस्था. कुमक वेळेवर आली नाही तर चौकी एकटी तग धरू शकत नाही.

रचना : शोभेसाठी इथे काहीही केलेले नाही. मुंबईच्या काळ्या दगडाचे उंच तट, आत संरक्षणाची दुसरी भिंत, आणि बाहेरून तीन बाजूंना जमीन असली तरी पाण्याच्या अंगाला कडा. दगडी दरवाजातून शिरले की चौक लागतो. आतला दरवाजा मात्र पहिल्याच्या समोर नाही, तो काटकोनात आहे. पुढचे सगळे बळ या एका वळणावर उभे आहे. पहिले दार फोडून आलेल्या जमावाचा वेग इथे मोडतो, दुसऱ्या दारावर ओंडक्याने धडक द्यायला मागे सरकण्याइतकी जागा मिळत नाही, आणि वळताना हल्लेखोराची कूस भिंतीवरच्या पहारेकऱ्यांसमोर उघडी पडते. मराठी गडांवरची गोमुखी दारे हेच काम बुरुजांच्या वळणाने करतात. इथे ते दोन सरळ भिंतींनी साधले आहे.

आत एक पंचकोनी खोली, लांबट घुमटी दालन आणि ओळीने बांधलेली कमानी छताची दालने आहेत. कमानी छताला लाकडी तुळया लागत नाहीत, आग लागत नाही आणि वाळवी पोखरत नाही. दारूगोळा आणि धान्य ठेवायला हे सोयीचे. पण असे छत आपला भार बाजूच्या भिंतींवर बाहेरच्या दिशेने टाकते. म्हणून त्या भिंती जाड ठेवाव्या लागतात आणि त्यांत मोठी खिडकी काढता येत नाही. आतला दमटपणा आणि अंधार हे त्याचेच फळ.

उपयोग संपल्यावर : 1739 मध्ये वसई पडली आणि साष्टी मराठ्यांकडे गेली, 1774 मध्ये इंग्रजांनी साष्टी घेतली आणि 1782 च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. शत्रूची हद्दच मागे सरकल्यावर चौकीला काम उरले नाही. किल्ल्यात काही काळ कैदी ठेवले गेले, पुढे बंदर न्यासाने तो गोदाम म्हणून वापरला. या वापराला नाके मुरडली जातात, पण माझगावच्या किल्ल्याच्या जागी आज नुसती बाग आहे. गोदाम म्हणून का होईना, शिवडीच्या भिंती कामात राहिल्या.

दुरुस्ती : दगड सहसा हटत नाही, दरजा (दगडांमधले चुन्याने भरलेले सांधे) हटतात. पावसाचे पाणी छतावरच्या भेगेतून मुरते, चुना धुपतो, मग पक्ष्यांच्या विष्ठेतून आलेले पिंपळाचे किंवा वडाचे बी त्या फटीत रुजते. रोप वीतभर असताना पहिल्या पावसानंतर ओल्या दरजेतून मुळासकट निघते. खोड मनगटाएवढे झाले की ओढू नये. मुळाबरोबर दगड बाहेर येतात. खोड कापून, साल सोलून मूळ जागच्या जागी मारावे आणि मगच दरज भरावी.

भरताना सिमेंट वापरणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. सिमेंट दगडी बांधकामातला ओलावा अडकवून ठेवते. आत मुरलेले पाणी दरजेतून बाहेर पडू शकत नाही, ते दगडातून वाट काढते, आणि खाऱ्या हवेतले क्षार पृष्ठभागाशी साचून दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. योग्य पद्धत जुनीच : कळीचा चुना पाण्यात विरवून काही आठवडे मुरवायचा, 1 भाग चुन्याला 2 ते 3 भाग धुतलेली वाळू किंवा विटांची सुरखी (भुकटी) घालून चुन्याच्या घाणीत, म्हणजे दगडी चाकाच्या गिरणीत, मळायचा आणि गूळ, हिरडा किंवा बेलफळाचे पाणी मिसळायचे. वाळूत मीठ राहिले तर सगळा खटाटोप वाया. भरलेली दरज 2-3 आठवडे ओल्या गोणपाटाखाली ठेवावी लागते. उन्हात भराभर सुकली की ती भुगा होऊन गळते. काम पावसाळ्यानंतर, हिवाळ्यात घ्यावे.

पाहण्यासाठी : हार्बर मार्गावरील शिवडी स्थानकाच्या पूर्वेकडून चालत जाता येते. वाटेवर अवजड ट्रकांची वर्दळ असते, तेव्हा जपून चालावे. तटाच्या कडेला जिथे कठडा खचला आहे तिथे उभे राहू नये. पावसाळ्यात दगडांवर शेवाळ धरते. दालनांचे बांधकाम नीट पाहायचे तर विजेरी जवळ हवी. खालच्या खाडीत साधारण नोव्हेंबर ते मे रोहित पक्षी उतरतात आणि भरती ओसरू लागली की चिखलात चरताना दिसतात. त्यासाठी निघण्यापूर्वी त्या दिवसाचे भरतीचे वेळापत्रक पाहावे. तटावरून आज तेलाच्या टाक्या, गोदामे आणि 12 जानेवारी 2024 रोजी उद्घाटन झालेला 21.8 किलोमीटरचा अटल सेतू दिसतो. त्याचे मुंबईकडचे टोक शिवडीतच आहे.