सामना कुणाच्या टीव्हीवर?

1 जून 2008 ला आयपीएलची पहिलीवहिली फायनल नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाली. दिव्यांचा झोत आमच्या गच्चीवरून दिसत होता, पण ज्यांच्या घरी केबल नव्हती त्यांना राजस्थान जिंकल्याचं शेजाऱ्यांच्या आरडाओरड्यावरून कळलं. सामना सेट मॅक्स या केबलवरच्या खासगी वाहिनीवर होता. घराजवळची मॅच घरी दिसू नये, हे मला तेव्हाही खटकलं होतं, आजही खटकतं.

1983 ला हा प्रश्नच नव्हता. ठाण्यातल्या चाळीत एक जण कौलांवर चढून अँटेना फिरवायचा आणि खालून पोरं ओरडायची, "आलं, आलं... गेलं!" वाहिनी एकच, दूरदर्शन. तेव्हा तर सामना दाखवायचा म्हणून क्रिकेट मंडळानेच दूरदर्शनला पैसे मोजायचे, अशी रीत होती.

ही घडी विस्कटली 1993 च्या हीरो कप या क्रिकेट स्पर्धेला. बंगालच्या क्रिकेट संघटनेने प्रक्षेपणाचे हक्क ट्रान्स वर्ल्ड इंटरनॅशनल या परदेशी कंपनीला दिले. सरकारने 1885 च्या तार कायद्यावर बोट ठेवून आडकाठी केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 9 फेब्रुवारी 1995 चा निकाल देणाऱ्या खंडपीठात न्या. पी. बी. सावंत होते. हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, त्यांवर सरकारची मक्तेदारी चालणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. मात्र त्या लहरींचा वापर लोकहितासाठीच व्हावा, हेही त्याच निकालात होतं. पहिला भाग सगळ्यांनी उचलला, दुसरा मागे पडला.

मग केबल घरोघरी शिरली आणि मोठे सामने खासगी वाहिन्यांकडे गेले. जानेवारी 2007 मध्ये वेस्ट इंडिजविरुद्धच्या मालिकेत तर दूरदर्शनवर सामना सात मिनिटं उशिरा दिसायचा. शेजारी विकेट पडल्याचा गलका झालेला असायचा आणि आपल्याकडे तो फलंदाज अजून खेळतच असायचा! त्यानंतर फेब्रुवारीत वटहुकूम आणि पुढे कायदा आला. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं चित्रण प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या सरकारी संस्थेला द्यायचं, जाहिरातींच्या उत्पन्नातले किमान 75 टक्के मूळ हक्कदाराला, 25 प्रसार भारतीला. आयपीएल मात्र अशा सामन्यांच्या सरकारी यादीत नव्हती.

खरी मेख पुढे आहे. केबलवाल्याने दूरदर्शन दाखवलंच पाहिजे, असा 1995 चा केबल कायदा सांगतो. त्यामुळे दूरदर्शनवरचा सामना केबलवरही आपोआप दिसे आणि महागडे हक्क घेणाऱ्या वाहिन्यांचं नुकसान होई. ऑगस्ट 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की वाटून मिळालेलं चित्रण दूरदर्शनने फक्त स्वतःच्या अँटेनावरच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिश या आपल्या मोफत छत्री-सेवेवर दाखवावं. पुढच्या काही वर्षांत अँटेनावरची बहुतेक केंद्रंही बंद झाली.

दर महिन्याला केबलचं बिल भरणारं घर दूरदर्शन लावतं, तर तिथे भलताच कार्यक्रम चालू. सामना हवा तर क्रीडा वाहिनीचे वेगळे पैसे भरा. आणि समोरच्या चाळीत, पत्र्यावर फ्री डिशची छत्री लावलेल्या घरात, भारताची बॅटिंग चालू असते.