मातृवंदनेचे पाच हजार आणि अंगणवाडीचा आहार: अर्ज नेमका अडतो कुठे?

गरोदरपणातल्या खाण्यापिण्यासाठी सरकारकडून दोन वेगळ्या गोष्टी मिळतात आणि बऱ्याचजणी त्या एकच धरून बसतात. एक म्हणजे अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार. त्याला उत्पन्नाची अट नाही, कितवं बाळंतपण हेही कुणी विचारत नाही. दुसरी म्हणजे प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पैसे. तिथे अटी आहेत, कागद आहेत आणि अर्ज परत येतात ते तिथूनच.

पैशांचं आधी सांगते. पहिल्या बाळाला ५००० रुपये, दोन हप्त्यांत: गरोदरपणाची नोंद आणि एक तरी तपासणी झाल्यावर ३०००, मग बाळाची जन्मनोंद होऊन साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी पुऱ्या झाल्यावर २०००. दुसरं अपत्य मुलगी असेल तर जन्मानंतर एकदम ६०००. केंद्र-राज्य सरकारच्या किंवा सरकारी कंपनीच्या कायम नोकरीत असलेल्या बाईला हे मिळत नाही. (२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात किमान ६००० लिहिलेत. मग पहिलटकरणीला हजार कमी का, असं विचारलं की दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी पैसे देणाऱ्या जननी सुरक्षा योजनेकडे बोट दाखवतात. तिचे शहरात ६००, तेही दारिद्र्यरेषेखालच्या किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या बाईला. बेरीज तुम्हीच करा.)

आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्यालगतच्या वस्तीत शनिवारी अर्ज भरून द्यायला बसतो. तिथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो ‘सहा महिने’ या शब्दांवरून. पहिल्या हप्त्यासाठी तपासणी सहा महिन्यांच्या आत हवी. कशापासून? शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. दिवस गेल्याचं कळलं त्या दिवसापासून नाही, सोनोग्राफी केली त्या दिवसापासूनही नाही. पाळी १० जानेवारीला आली असेल तर १० जुलैच्या आत. तारीख आठवत नसेल तर सण धरून शोधा. ‘संक्रांतीला मी बाजूला होते’ एवढ्यावर आम्ही कितीतरी तारखा काढल्यात. आणि एकदा गरोदरपणाच्या कार्डावर लिहिली की सगळीकडे तीच सांगा.

तीन महिने कुणाला सांगायचं नाही, ही आपली रीत. राहू दे. पण चोरचोळी झाली की दुसऱ्या दिवशी आशाताईकडे किंवा अंगणवाडीत नाव घाला. डोहाळजेवणाची वाट बघत बसाल तर मुदत गेलेली असते.

आता जो कागद पुण्यात हमखास नसतो तो: माता-बाल संरक्षण कार्ड, त्यावरच्या आरसीएच नंबरासकट (म्हणजे सरकारी नोंदीतला तुमचा क्रमांक). खाजगी दवाखान्यात नाव घातलेल्या बायका जाडजूड फाइल घेऊन येतात. परवा एकीने टेबलावर सोनोग्राफीचे चार रिपोर्ट, रक्ताचे रिपोर्ट, औषधांच्या पावत्या असं सगळं ओळीने मांडलं. कार्ड तेवढं नव्हतं. डॉक्टरांनी ते कधी मागितलंच नव्हतं. बाळंतपण खाजगीत करा, हरकत नाही. पण जवळच्या महापालिकेच्या दवाखान्यात किंवा प्रसूतिगृहात नोंद करून कार्ड घ्याच. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. त्या दिवशी गर्दी असते, पण एका खेपेत नोंद, तपासणी, गोळ्या असं सगळं होतं.

पात्रतेसाठी यादीतला एकच पुरावा पुरतो आणि नेमकं हेच कुणी सांगत नाही. अन्नसुरक्षेतलं रेशनकार्ड, आठ लाखांच्या आतला उत्पन्नाचा दाखला, ई-श्रम, आयुष्मान किंवा मनरेगाचं कार्ड, अनुसूचित जाती-जमातीचा दाखला, ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचा दाखला, अशी ती यादी. सगळे कागद जमवत बसू नका. बहुतेकजणी रेशनकार्ड आणतात आणि तिथेच फसतात. नव्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डातून कमी झालेलं नसतं, सासरच्या कार्डात चढलेलं नसतं. शिवाय केशरी कार्ड म्हणजे अन्नसुरक्षेतलंच असं नाही. दुकानात त्यावर धान्य मिळतं का, ते आधी बघा. घरकाम, शिवणकाम, पोळ्या लाटायचं काम करत असाल आणि पीएफ, ईएसआय कापला जात नसेल तर ई-श्रम कार्ड सोपं. फुकट आहे. नाहीतर महा ई-सेवा केंद्रातून उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज करा, पण लवकर. ३१ मार्च उलटला की जुना दाखला चालत नाही.

नवऱ्याचं आधार आता सक्तीचं नाही. अजूनही कुणी मागितलं आणि ते देण्याजोगी परिस्थिती नसेल, तर नियम बदललाय हे शांतपणे सांगा.

बँकेची भानगड वेगळी. खातं तिच्या स्वतःच्या नावावर हवं आणि ते आधारशी नुसतं जोडलेलं असून भागत नाही, सरकारी पैसे त्याच खात्यात यावेत अशी नोंद, म्हणजे ‘सीडिंग’, हवं. एकीचा अर्ज मंजूर, मोबाइलवर पैसे जमा झाल्याचा निरोप, आणि पासबुकात शून्य. तीन चकरा मारल्यावर उमगलं की पैसे अकरावीत शिष्यवृत्तीसाठी उघडलेल्या माहेरच्या खात्यात पडले होते. सीडिंग तिथलंच राहिलं होतं. म्हणून अर्जाआधी बँकेत एकच प्रश्न विचारा: ‘माझं आधार कुठल्या बँकेत सीडेड आहे?’

पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे दुसरा हप्ता रेंगाळतो. जन्माची नोंद बाळ जिथे जन्मलं तिथेच होते, पुण्यात नाही. २१ दिवसांच्या आत ती करून, दाखला हातात घेऊनच परत या. माहेर लातूरला असेल तर कागदासाठी पुन्हा तिथे कोण जाणार? लसींच्या तारखा कार्डावर लिहून घ्या. आहाराचं नाव मात्र सातव्या महिन्यात निघण्याआधी इथल्या सेविकेला सांगून माहेरच्या अंगणवाडीत हलवता येतं.

पैसे कधीही येवोत, आहार लगेच सुरू होतो आणि बाळंतपणानंतर सहा महिने चालतो. आता सेविका मोबाइलवर चेहरा पडताळते, त्यामुळे सासूला पाठवून चालत नाही. कायद्याने या आहारातून दिवसाला ६०० कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. चौथ्या महिन्यापासून बाईला रोजच्यापेक्षा साधारण ३५० कॅलरी जास्त लागतात, शेवटच्या तीन महिन्यांत प्रथिनं २२ ग्रॅमने वाढवावी लागतात. म्हणजे हिशोब जवळपास बसतो, पण पाकीट तिच्या एकटीच्या पोटात गेलं तर. घरी त्याचा सगळ्यांसाठी शिरा होतो, हे आम्हाला ठाऊक आहे.

लोहाच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस, फुकट. कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेऊ नका, दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवा. आणि लोहाच्या गोळीवर चहा नको, लिंबूपाणी चालेल. मळमळ होत असेल तर ती रात्री जेवण झाल्यावर घ्या, आणि शौचाला काळं झालं म्हणून घाबरून बंद करू नका.