सेरोव कोणता आणि स्तासोव कोणता?

एकोणिसाव्या शतकातल्या रशियन संगीतावर वाचताना अलेक्सांद्र सेरोव (1820–1871) आणि व्लादिमीर स्तासोव (1824–1906) या दोन समीक्षकांची मतं हमखास एकमेकांच्या खात्यावर जमा होतात. गोंधळ साहजिक आहे. दोघेही सेंट पीटर्सबर्गचे, एकाच विधी विद्यालयात शिकलेले, आधी जिवलग मित्र आणि पुढे कट्टर विरोधक. अंतोन रुबिनस्टाइनच्या कॉन्झर्व्हेटरीवर, म्हणजे संगीत विद्यालयावर, तर दोघांनीही झोड उठवली; त्यामुळे तेवढ्यावरून लेख कुणाचा हे ठरवता येत नाही.

त्यासाठी रशियन संगीतकार ग्लिंकाबद्दल काय म्हटलंय ते बघावं. त्याचे ऑपेरा दोन: ‘झारसाठी प्राणार्पण’ (1836) आणि ‘रुस्लान आणि ल्युदमिला’ (1842). सेरोवचा कौल पहिल्याला. ऑपेरा म्हणजे आधी नाटक, आणि ‘रुस्लान’चं संगीत कितीही सुंदर असलं तरी नाटक म्हणून तो विस्कळीत, असं त्याचं म्हणणं. 1859च्या एका लेखात त्याने पहिल्या ऑपेराच्या शेवटच्या ‘स्लावस्या’ या समूहगानाची धून घेतली आणि ती आधीच्या प्रवेशांत कुठे कुठे डोकावते हे दाखवलं. इतकी बारीक चिरफाड त्या काळच्या रशियन समीक्षेत दुर्मीळच. स्तासोव मात्र ‘रुस्लान’च्या बाजूचा: त्यातला महाकाव्याचा विस्तार आणि पौर्वात्य रंग हीच त्याच्या मते रशियन संगीताची पुढची वाट. 1867मध्ये सेरोवने ‘रुस्लान आणि रुस्लानवादी’ ही लेखमाला लिहून या पक्षावर थेट हल्ला चढवला.

दुसरी खूण जर्मन संगीतकार वाग्नर. कौतुक असेल तर सेरोव, नाक मुरडलेलं असेल तर बहुधा स्तासोव. पण सेरोवच्या स्वतःच्या संगीतात वाग्नर शोधायला गेलात तर फसाल. ‘युदिथ’ (1863) आणि ‘रोग्नेदा’ (1865) या ऑपेरांचा भव्य थाट ऑपेराकार मायरबेअरच्या वळणाचा आहे. तिसरा, ऑस्त्रोव्स्कीच्या नाटकावरचा ‘व्राझ्या सीला’ (‘शत्रूची शक्ती’), अपुरा राहिला. पत्नी वालेंतिना आणि निकोलाय सोलोव्योव यांनी तो पुरा केला आणि सेरोवच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी तो रंगमंचावर आला.

स्तासोवने ऑपेरा लिहिला नाही, इतरांकडून लिहवून घेतले. सार्वजनिक ग्रंथालयातल्या जुन्या कागदपत्रांतून विषय शोधून तो संगीतकारांच्या हाती द्यायचा. 1869मध्ये बोरोदिनला ‘प्रिन्स इगोर’चा आराखडा त्यानेच दिला, मुसोर्गस्कीला ‘खोवान्श्चिना’चा विषयही त्यानेच सुचवला. बोरोदिन आणि मुसोर्गस्की ज्यात होते त्या संगीतकार बालाकिरेवच्या मंडळाला चिकटलेलं ‘मोगुचाया कुचका’ (‘बलाढ्य मूठभर’) हे नावही त्याच्या 1867च्या लेखातलं.

सेरोव या मंडळात नव्हता, हे नीट लक्षात ठेवावं. 1870च्या ‘रायोक’ या उपहासगीतात मुसोर्गस्कीने त्याची यथेच्छ टर उडवली आहे. मंडळातला संगीतकार-समीक्षक म्हणजे सेझार क्युई. पेशाने लष्करी अभियंता, तटबंदीशास्त्राचा तज्ज्ञ.

ग्रंथालयाच्या सूचीत तर आद्याक्षरंच तपासावीत. अ. न. सेरोव संगीतकार, व. स. सेरोवा त्याची पत्नी, तीही संगीतकार, व. अ. सेरोव मुलगा, ‘पीच घेतलेली मुलगी’चा चित्रकार. व. व. स्तासोव समीक्षक, व. प. स्तासोव त्याचे वास्तुविशारद वडील.