कल्पना बँकेपुढे मांडण्यापूर्वी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

प्रकल्प अहवाल करून घेण्यासाठी आमच्याकडे येणारे बहुतेक ग्राहक यंत्राचे कोटेशन सोबत आणतात. मालाला गिऱ्हाईक आहे याचा पुरावा मात्र क्वचितच कोणी आणतो. म्हणून अहवाल लिहायला घेण्यापूर्वी आम्ही कल्पनेची व्यवहार्यता तपासण्याचा आग्रह धरतो.

कोल्हापुरात सहज सुचणारे उदाहरण गुळाचे. चहासाठी १० ग्रॅमच्या वड्या पाडून हॉटेलांना पुरवायच्या, असे समजू. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, त्यामुळे नाव तयार आहे (ते वेष्टनावर छापायचे तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते, हे अनेकांच्या गावीही नसते). खरी अडचण हंगामाची आहे. गुऱ्हाळे साधारणपणे दिवाळीच्या आगेमागे पेटतात आणि उन्हाळ्यात थंडावतात. चहा मात्र बारमाही लागतो. महिन्याला ५०० किलो खप धरला तरी सहा महिन्यांचा ३,००० किलो गूळ हंगामातच पैसे मोजून भरून ठेवावा लागेल, आणि गूळ हवेतला ओलावा ओढून घेत असल्याने आपल्याकडच्या पावसाळ्यात तो पाझरण्याची धास्ती राहीलच. म्हणजे इथला कच्चा दुवा यंत्र नसून साठवण आणि खेळते भांडवल आहे. तो सर्वांत आधी आणि कमीत कमी खर्चात तपासावा. आठ-दहा किलोच्या वड्या हातानेच साच्यात पाडून दोन-तीन प्रकारच्या पाकिटांत भराव्यात, ऐन जुलैत स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवाव्यात, दर आठवड्याला एक पाकीट फोडावे आणि वडी बोटाला चिकटू लागली तो आठवडा वहीत टिपून ठेवावा.

मागणी पाहताना पै-पाहुण्यांचे मत जमेस धरू नये. ‘नाद खुळा’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. रोख पैसे देऊन दुसऱ्यांदा माल मागवणारी पाच हॉटेले मिळाली, तर ती खरी मागणी.

हिशेब सोपा ठेवावा. भाडे, वीज व पगार मिळून महिन्याला ४८,००० रुपये स्थिर खर्च असेल आणि कच्चा माल, वेष्टन व वाहतूक वजा जाता किलोमागे ३० रुपये सुटत असतील, तर ना नफा ना तोटा होण्यासाठीच १,६०० किलो विकावे लागतात. वर धरलेला ५०० किलोंचा खप इथेच उघडा पडतो.

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातील अनुदान हाती आलेली रोकड समजू नये. ती रक्कम बँकेत तीन वर्षे मुदत ठेवीत राहते आणि नंतर कर्जाच्या फेडीत वळती होते.

पहिल्या भेटीला कोटेशनऐवजी ती वही आणि विक्रीच्या पावत्या आणाव्यात. कल्पना तपासणीत टिकली नाही, तर कारणांसह तसे लेखी कळवले जाते. अशा वेळी केवळ तपासणीचे शुल्क घेतले जाते, अहवालाचे नाही.