जाळी, फायरप्लेसमधील

फायरप्लेसमध्ये जळते लाकूड किंवा दगडी कोळसा तळापासून उचलून धरणारी धातूच्या गजांची बैठक. इंधनाला खालून हवा मिळावी, राख गजांतून गळावी आणि ओंडके घरंगळून पुढे येऊ नयेत, यासाठी ती वापरतात. ती बहुधा बिडाची, घडीव लोखंडाची किंवा पोलादाची असते.

उगम : जाळीसाठीचा ‘ग्रेट’ (grate) हा इंग्रजी शब्द लॅटिन ‘क्रातिस’वरून, म्हणजे काटक्यांच्या विणलेल्या ताटव्यावरून आला. मात्र शब्दाचे मूळ हा वस्तूच्या मुळाचा पुरावा ठरत नाही. जाळीच्या आधी ओंडके ज्यांवर आडवे टाकत ते जोड-टेकू, म्हणजे फायरडॉग, लोहयुगापासून आढळतात. वेल्समधील कॅपेल गार्मन येथे १८५२ मध्ये मिळालेल्या टेकूच्या दोन्ही टोकांना शिंगे व आयाळ असलेली जनावराची मुंडकी आहेत. त्याचा काळ साधारणपणे इ.स.पू. ५० ते इ.स. ५० असा धरतात. अशा दोन टेकूंना आडवे गज जोडून जाळी तयार झाली, हे मत रूढ आहे आणि जुन्या जाळ्यांची घडण पाहता ते पटण्याजोगे आहे. परंतु आकारापेक्षा इंधनातील बदल अधिक निर्णायक वाटतो. लाकूड राखेच्या थरावरही नीट जळते. दगडी कोळशाला एकत्र दाटून राहणे आणि खालून हवा ही दोन्ही लागतात. सोळाव्या-सतराव्या शतकांत लंडनमधील घरे कोळशाकडे वळली, तेव्हा जाळीवाचून चालेनासे झाले.

धातू व घडण : चांगल्या बिडाच्या जाळीचा गज जवळून पाहिला तर तो वर रुंद आणि खाली निमुळता दिसतो, त्यामुळे फटीत शिरलेला निखारा अडकत नाही, खाली निसटतो. बीड उष्णता धरून ठेवते, पण ठिसूळ असते. त्यावर ओंडका आपटला की तडा जातो. पातळ पोलादी गज लाल होईपर्यंत तापले की भाराने हळूहळू वाकतात. दोन्हींचा खरा शत्रू साठलेली राख. ती गजांना टेकली की त्यांना थंड ठेवणारी हवा बंद होते आणि जाळी अकाली जळून जाते.

उष्णतेचे अभ्यासक, शास्त्रज्ञ काउंट रम्फर्ड यांनी १७९६ मधील निबंधात धुराड्याचा गळा अरुंद करून विस्तव पुढे आणण्याचा आग्रह धरला. विस्तवाभोवती लोखंडाऐवजी वीट-दगड असावेत, असे त्यांचे मत होते. त्यांचे म्हणणे उष्णतेच्या दृष्टीने बरोबर होते, तरी ओतीव नक्षीचे आकर्षण त्यामुळे कमी झाले नाही. रम्फर्ड यांच्या आधीचे स्कॉटिश वास्तुशिल्पी रॉबर्ट ॲडम यांच्या आराखड्यांतील जाळ्यांवर कलश व माळा दिसतात. गजांआडून दिसणारा निखाऱ्यांचा लाल उजेड हेच जाळीचे मोठे सौंदर्य.

ब्रिटनमध्ये १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर धूरबंदीच्या भागांत धूर करणाऱ्या कोळशाचा वापर घटला. अनेक जुन्या जाळ्यांत आता गॅसच्या ज्योतीवर कृत्रिम निखारे तापतात.